दहा हजार परिपत्रकं आणि आशाताईंचा फोन

प्रश्न असा आला आहे: ‘आमची आरोग्य संस्था सोलापूर-विजयपूर सीमाभागात काम करते. आमच्याकडे माहितीपत्रकं आणि परिपत्रकं यांच्यातून काढलेल्या दहाएक हजार कन्नड-मराठी वाक्यजोड्या आहेत. कन्नड बोलणाऱ्या बायका आणि मराठी आशाताई यांच्या फोनवरच्या बोलण्याची काही तासांची ध्वनिमुद्रणंही आहेत. एवढ्या उदाहरणांवरून कन्नड बोलणं मराठीत आणणारं यंत्र शिकवता येईल का? दोन्ही भाषांचं व्याकरण वेगळं शिकवावं लागेल का?’

व्याकरण वेगळं शिकवावं लागणार नाही. यंत्र शिकेलही. पण आत्ता हातात आहे त्या मालावर शिकवलंत, तर ते आशाताईंशी परिपत्रकाच्या मराठीत बोलेल. बाई सांगत असेल की पोटात कळ येतेय, आणि पडद्यावर उमटेल, ‘उदरवेदना होत असल्याचे निदर्शनास आले आहे’. वीस-बावीस वर्षं या कामात आहे, असली वाक्यं छापून निघालेली पाहिली आहेत. म्हणून लांबलचक लिहितोय, कारण ‘किती उदाहरणं’ यापेक्षा ‘कसली उदाहरणं’ हा तुमचा खरा प्रश्न आहे.

आधी व्याकरणाचं उरकतो. सुरुवातीला सगळे नियमांच्याच वाटेने गेले. जानेवारी १९५४ मध्ये जॉर्जटाउन विद्यापीठ आणि आयबीएम यांनी न्यूयॉर्कमध्ये एक प्रयोग दाखवला: २५० शब्द, ६ नियम, आणि साठाहून अधिक रशियन वाक्यांचा इंग्रजी अनुवाद. पाहणाऱ्यांना वाटलं, आता चार-पाच वर्षांचंच काम उरलंय. १९६६ मध्ये यंत्रानुवादाचा आढावा घेणाऱ्या अल्पॅक समितीचा अहवाल आला आणि अमेरिकी सरकारने हात आखडता घेतला. अडचण नियम लिहिण्यात नव्हती. सहाचे सहाशे झाले की ते एकमेकांच्या पायात पाय घालतात, आणि कोणत्या नियमाने काय बिघडलं ते लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही. आपल्याकडेही या वाटेने कष्टाचं काम झालं आहे. कानपूर आयआयटीचं आंग्लभारती घ्या किंवा पुण्याच्या सी-डॅकचं मंत्र. ठरावीक साच्याच्या कागदपत्रांना ते उपयोगी पडतं. फोनवर बोलणारी बाई साच्यात बोलत नाही.

उदाहरणांची वाट नीट मांडली ती जपानमधल्या क्योटो विद्यापीठाच्या माकोतो नागाओ यांनी. त्यांचा लेख १९८४ मध्ये छापून आला. माणूस परक्या भाषेतलं वाक्य फोडून व्याकरण लावत बसत नाही, आधी पाहिलेल्या सारख्या वाक्याशी ताडून पाहतो, असं त्यांचं म्हणणं. इंग्रजीत माणूस भाजी खातो आणि आम्ल धातू ‘खातं’, क्रियापद एकच. जपानीत पहिल्याला ‘ताबेरु’, दुसऱ्याला ‘ओकासु’. नव्या वाक्यात खाणारा कोण आणि खाल्लं जाणारं काय, ते कोणत्या जुन्या उदाहरणाच्या जवळचं आहे, एवढं पाहिलं की निवड होते. मराठीत गंजही लोखंड खातो, तेवढ्यापुरते आपण सुटलो. पण आपल्याकडे माणूस भाव खातो, मार खातो, डोकं खातो आणि कधी कच खातो. यांचे नियम लिहायला बसाल तर आयुष्य जाईल. उदाहरणं मात्र देता येतात.

नागाओंची पद्धत उदाहरणं साठवायची आणि जवळचं शोधायची. आयबीएमच्या पीटर ब्राऊन, रॉबर्ट मर्सर आणि डेला पिएत्रा बंधूंच्या गटाने पुढचा प्रश्न विचारला: उदाहरणांमधून शब्दांच्या जोड्या आपोआप मोजून काढता येतील का? कॅनडाच्या संसदेचं कामकाज इंग्रजी आणि फ्रेंच दोन्हींत छापलं जातं, ते त्यांनी घेतलं. त्यांचे मुख्य लेख १९९० आणि १९९३ चे. आज ती मॉडेलं जशीच्या तशी कोणी वापरत नाही. तरी माझ्याकडे नवीन आलेल्या प्रत्येकाला मी एकदा हे गणित कागदावर करायला लावतो, कारण उदाहरणांतून ‘शिकणं’ म्हणजे काय ते इथे डोळ्यांना दिसतं. तुमच्याच भाषांत करून दाखवतो.

समजा तीनच जोड्या आहेत. ‘दोड्ड मने’ म्हणजे ‘मोठं घर’. ‘दोड्ड मर’ म्हणजे ‘मोठं झाड’. ‘सण्ण मने’ म्हणजे ‘छोटं घर’. यंत्राला कन्नड येत नाही आणि मराठीही येत नाही. कोणता शब्द कोणाचा, हे त्याला कोणी सांगितलेलं नाही. म्हणून पहिल्या फेरीत ते प्रत्येक मराठी शब्दाचं श्रेय समोरच्या दोन्ही कन्नड शब्दांना अर्धं-अर्धं वाटतं. मग बेरीज करतं. ‘दोड्ड’च्या खात्यावर ‘मोठं’ दोनदा आलं म्हणजे एक पूर्ण गुण, ‘घर’ आणि ‘झाड’ अर्धा-अर्धा. एकूण दोन गुणांपैकी ‘मोठं’ला एक, म्हणजे ०.५. ‘मर’च्या खात्यावर मात्र ‘मोठं’ आणि ‘झाड’ बरोबरीत, ०.५ आणि ०.५, कारण ‘मर’ एकदाच दिसला.

दुसऱ्या फेरीत श्रेय समान वाटायचं नाही, पहिल्या फेरीच्या अंदाजाच्या प्रमाणात वाटायचं. पहिल्या जोडीत ‘मोठं’चे दोन तृतीयांश आता ‘दोड्ड’कडे जातात आणि एक तृतीयांश ‘मने’कडे. दुसऱ्या जोडीत ‘झाड’चे दोन तृतीयांश ‘मर’ला मिळतात, कारण ‘दोड्ड’चा ‘झाड’वरचा दावा आधीच दुबळा झालाय. पुन्हा बेरीज केली की ‘दोड्ड’ म्हणजे ‘मोठं’ याला ११ पैकी ७, सुमारे ०.६४. आणि ‘मर’ म्हणजे ‘झाड’ याला ७ पैकी ४, सुमारे ०.५७. ‘मर’ जगात एकदाच दिसला, तोही ‘मोठं’च्या सोबतीने, तरी त्याचा अर्थ सुटायला लागला, कारण ‘मोठं’ला दुसरीकडे जागा मिळाली. फेऱ्या वाढवत गेलात की हे आकडे एकाकडे सरकत जातात. लग्नाच्या पंगतीत कोण कोणाच्या नात्यातलं हे आपण असंच ओळखतो. हा माणूस तीन लग्नांत याच बाईशेजारी दिसला, मग उरलेला तो मुलगा त्या दुसऱ्यांचा असणार.

आता याच उदाहरणात चौथी जोडी घाला: ‘दोड्ड गाडी’, ‘मोठी गाडी’. कन्नडमध्ये विशेषण बदलत नाही, ‘दोड्ड’ ते ‘दोड्ड’च. मराठीत मोठा, मोठी, मोठं, मोठे, मोठ्या. यंत्राला हे पाच निराळे शब्द दिसतात आणि ‘दोड्ड’चे गुण पाच जणांत वाटले जातात. नामांचं तर विचारूच नका. ‘घरासमोरच्यांनाही’ हा एक शब्द धरला, तर तो तुमच्या दहा हजार वाक्यांत एकदाही नसेल. हिंदी-इंग्रजीवर बरी चालणारी यंत्रं मराठीवर आणि त्याहून जास्त कन्नडवर अडखळायची, त्याचं मोठं कारण हेच.

यावरचा इलाज नंतर सापडला, तो म्हणजे शब्द तुकड्यांत फोडणं. वारंवार एकत्र येणारी अक्षरं जोडत जायचं आणि जे तुकडे तयार होतील त्यांनाच एकक मानायचं. २०१६ च्या आसपास ही रीत सगळ्यांनी उचलली. ‘घरासमोरच्यांनाही’चे घरा, समोर, च्यां, नाही असे तुकडे पडू शकतात. इथे कुणीतरी हमखास विचारतं, शेवटी ‘नाही’ आलं, मग यंत्राला तो नकार नाही का वाटणार? वाटत नाही. शब्दाच्या सुरुवातीचा तुकडा आणि मधला तुकडा यांच्यावर वेगळी खूण असते, त्यामुळे सुटा ‘नाही’ आणि ‘च्यांनाही’च्या पोटातला ‘नाही’ ही त्याच्या लेखी दोन निराळी एककं आहेत. मात्र ही खूण ज्या साधनात नीट लावलेली नसते तिथे काय होतं, ते मी एकदा भोगलं आहे. आमंत्रितांनाही बोलवा असं म्हणायचं होतं.

शब्दांच्या क्रमाचा प्रश्न तुम्हाला फारसा नाही. इंग्रजी-मराठीवाल्यांना तो छळतो, कारण इंग्रजीत क्रियापद मध्ये आणि आपल्याकडे शेवटी. १९९० च्या दशकात एटी अँड टीच्या प्रयोगशाळेत हियान अलशावी, श्रीनिवास बंगलोर आणि त्यांचे सहकारी यांनी यावर एक देखणा तोडगा काढला होता. क्रियापदाला मुख्य धरायचं, बाकीचे शब्द त्याच्या डाव्या-उजव्या हाताला कसे बसतात ते शिकायचं, आणि त्यासाठी कोणी हाताने वाक्यरचनेच्या झाडासारख्या आकृत्या काढून द्यायच्या नाहीत. नुसत्या वाक्यजोड्यांतून यंत्राने रचनाही शोधायची. बोललेल्या इंग्रजीतून स्पॅनिशमध्ये जाण्यासाठी त्यांनी ती वापरली. कन्नड आणि मराठी दोन्ही क्रियापद शेवटी टाकतात. ‘नानु नाळे बरुवुदिल्ल’, ‘मी उद्या येणार नाही’: शब्द जवळपास ओळीने समोरासमोर बसतात. भाषाकुळं वेगळी असली तरी शेजार जुना आहे, अण्णा आणि अक्का उगीच दोन्हीकडे नाहीत.

आजची पद्धत न्यूरल, म्हणजे मेंदूतल्या पेशींच्या जाळ्यावरून बेतलेल्या गणिती जाळ्यांची. २०१४ मध्ये अख्खं वाक्य आकड्यांच्या रूपात घेऊन दुसऱ्या भाषेत उलगडणारी मॉडेलं आली. त्याच वर्षी बादानाउ, चो आणि बेंजिओ यांनी प्रत्येक शब्द लिहिताना मूळ वाक्यात कुठे पाहायचं तेही यंत्राला शिकायला लावलं. वरच्या ‘दोड्ड-मोठं’च्या वाटणीचंच हे पुढचं रूप, फक्त वाटणी वाक्यागणिक नव्याने होते. २०१७ मध्ये ट्रान्सफॉर्मर नावाची अशा जाळ्याची नवी रचना आली आणि ती अजून आहे. गूगल ट्रान्सलेटमध्ये मराठी २०१३ मध्ये आली, आणि २०१७ मध्ये न्यूरल झाली. त्या आधीची आणि नंतरची मराठी ज्यांनी वाचली आहे त्यांना फरक सांगायला नको. पण एक गोष्ट बिघडली. जुनं यंत्र चुकलं की वाक्य मोडकं दिसायचं, चूक लगेच कळायची. नवं यंत्र चुकतं तेव्हाही सफाईने बोलतं. ‘दोन गोळ्या’च्या जागी ‘एक गोळी’ असं स्वच्छ मराठीत लिहून देतं. आरोग्याच्या कामात मला या सफाईची जास्त भीती वाटते.

दहा हजार जोड्यांवर न्यूरल मॉडेल शून्यापासून शिकवू नका. ते अगदीच लंगडं निघेल. थोड्या डेटावर जुनी संख्याशास्त्रीय, म्हणजे आयबीएमच्या गटासारखी मोजणीची पद्धतच न्यूरलपेक्षा चांगली ठरते, असं कोन आणि नोल्स यांनी २०१७ मध्ये मोजून दाखवलं होतं. पण तुम्हाला शून्यापासून सुरू करायची गरजच नाही. अनेक भाषा आधीच शिकलेलं मॉडेल घ्या आणि तुमच्या जोड्यांवर त्याला पुढे शिकवा. मद्रास आयआयटीतल्या एआय४भारत या गटाचं इंडिकट्रान्स२ हे २०२३ चं मॉडेल आठव्या अनुसूचीतल्या सगळ्या २२ भाषांत चालतं आणि मोकळं उपलब्ध आहे. मेटाचं २०२२ चं एनएलएलबी २०० भाषांचं आहे, पण त्याचा परवाना फक्त बिगर-व्यापारी वापराचा आहे, तेवढं बघा. दहा हजार चांगल्या जोड्या तिथे भरपूर काम करतात.

मात्र या मॉडेलांच्या पोटात एक खोड आहे आणि ती तुमच्या जोडीला नेमकी बोचणारी. भारतीय भाषांची बहुतेक उदाहरणं इंग्रजीच्या जोडीने गोळा झाली आहेत. २०२१ च्या समानंतर या मोठ्या संग्रहात इंग्रजी आणि ११ भारतीय भाषा यांच्या सुमारे ५ कोटी जोड्या आहेत. त्यात कन्नड-मराठीसारख्या आपापसातल्या जोड्याही आहेत, पण त्या एकच इंग्रजी वाक्य दोन्हीकडे सापडलं म्हणून जुळवलेल्या. मधला दुवा इंग्रजी. आता कन्नडमध्ये ‘नीनु’ म्हणजे तू आणि ‘नीवु’ म्हणजे तुम्ही, आपल्यासारखाच चोख फरक. इंग्रजीच्या एकाच ‘यू’मध्ये दोन्ही बुडतात, आणि पलीकडे मराठीत काय वर येईल ते नशीब. सासूबाईंना ‘तू औषध घेतलंस का’ असं यंत्राने विचारलं, तर आशाताईंना गावात पुन्हा जायची चोरी. तुमच्या जोड्या थेट कन्नडमधून मराठीत आणलेल्या असतील तर त्यांचं मोल इथे आहे. त्या तशा आहेत का, की दोन्ही पत्रकं एकाच इंग्रजी मूळ पत्रकावरून निघाली आहेत, हे आधी तपासा. मला दुसरी शक्यता जास्त वाटते.

काही गोष्टी मात्र थेट जोडीतही सापडत नाहीत, कारण त्या मूळ वाक्यातच नाहीत. ‘नानु आस्पत्रेगे होदे’ हे बाई म्हणेल आणि पुरुषही म्हणेल. मराठीला ‘दवाखान्यात गेलो’ की ‘गेले’ ते ठरवावंच लागतं. परिपत्रकांत ‘मी’ नसतोच, आणि बाकीच्या डेटात पुरुष जास्त असतात, म्हणून यंत्र ‘गेलो’ म्हणणार. ‘नावु’चं तसंच. ‘आम्ही’ की ‘आपण’, हे कन्नड सांगत नाही. इथे जादूचा इलाज नाही. बोलणारी बाई आहे एवढी एक खूण वाक्याच्या पुढे लावून मॉडेल शिकवता येतं, तुमच्या कामात ते पुरेल. आवाजावरून यंत्रानेच ओळखावं असं काही जण सुचवतात. मी ते करत नाही. बाईच्या वतीने तिचा बारा-तेरा वर्षांचा मुलगा बोलत असतो तेव्हा फजिती होते.

हिंदीच्या मदतीबद्दलही सावध करतो. हिंदी-मराठीची लिपी एक, तुकडे सामायिक, म्हणून हिंदीचा भरपूर डेटा मराठीला उचलून धरतो, हे खरं. पण ‘शिक्षा विभाग’चा अनुवाद करताना ‘शिक्षा’ तशीच ठेवली की काय होतं ते सांगायला नको. गंमत म्हणजे कन्नडमध्ये ‘शिक्षे’ म्हणजे शिक्षाच आणि ‘शिक्षण’ म्हणजे शिक्षण, त्या बाबतीत कन्नड आपल्या जवळची. ती जवळीक यंत्राला दिसावी म्हणून एक सोपी युक्ती आहे. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, भारतीय लिप्यांचे कप्पे एकाच आराखड्यावर बेतले आहेत. कन्नड अक्षराच्या क्रमांकातून ८९६ वजा केलं की बहुतेक वेळा तेच देवनागरी अक्षर मिळतं. सगळी कन्नड बाजू अशी देवनागरीत आणली की रक्त, औषध, शिक्षण हे शब्द यंत्राला दोन्हीकडे एकच दिसतात. तुमचं मूळ मॉडेल हे आतल्या आत करतं का ते पाहा, नाहीतर दोनदा व्हायचं.

आता तुमच्या दहा हजार जोड्या. त्यांच्यावर काही करण्यापूर्वी दोनशे जोड्या छापून घ्या आणि दोन्ही भाषा येणाऱ्या कुणाला तरी समोर बसवून वाचा. मॉडेलची सेटिंग बदलण्यात लोक महिने घालवतात, हे वाचन कोणी करत नाही. सुरुवातीच्या काळात आम्हाला एका कार्यालयाकडून जोड्यांच्या फायली मिळाल्या होत्या. यंत्र सुरेख वाक्यं द्यायचं, पण विषय भलताच. पंधरा दिवस आम्ही मॉडेलला दोष देत होतो. शेवटी कळलं की एका बाजूला एक शीर्षक सुटलं होतं आणि त्याखालची अख्खी फाइल एकेका ओळीने सरकली होती. यंत्राने प्रत्येक वाक्याचा अनुवाद म्हणून पुढचं वाक्य इमानदारीने शिकून घेतलं होतं. वाक्यं जुळवायची जुनी युक्ती गेल आणि चर्च यांनी १९९१ मध्ये दिली, ती अजून पहिल्या चाळणीसाठी वापरण्याजोगी आहे: लांब वाक्याचा अनुवाद लांब, छोट्याचा छोटा. नुसत्या लांबीवर जुळवणी होते हे ऐकून हसू येतं, पण होते. त्यानंतर अर्थाची जवळीक मोजणारं लाबसेसारखं मॉडेल लावा आणि कमी गुणांच्या जोड्या हाताने पाहा.

परिपत्रकांत तीच ती वाक्यं शंभरदा येतात. ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ एकदा ठेवा, बाकी काढा. भर घालायची म्हणून इंटरनेटवरून कन्नड-मराठी काही उचलणार असाल तर दोन गोष्टी सांभाळा. एक, तिथला बराच ‘अनुवाद’ दुसऱ्या यंत्राने केलेला असतो, आणि यंत्राच्या चुका यंत्राला शिकवण्यात अर्थ नाही. दुसरं, बायबल. विल्यम केरींच्या देखरेखीखाली सेरामपूरहून मराठी नवा करार १८११ मध्ये छापला गेला, तेव्हापासून मराठीत ही परंपरा आहे. कन्नडमध्येही आहे. ओव्यांसारखे क्रमांक असल्यामुळे जुळवणी आयती मिळते. म्हणून तो मजकूर सगळ्या संग्रहांत ठासून भरलेला असतो. मोठ्या डेटात त्याने काही बिघडत नाही, छोट्या डेटात यंत्र ‘आणि असे झाले की’ म्हणत सुरू होतं.

तपासणीसाठीच्या जोड्या अगदी पहिल्या दिवशी बाजूला काढा, आणि त्या परिपत्रकांतून काढू नका. ध्वनिमुद्रणांतून काढा. एकाच पत्रकातली शंभरावी ओळ शिकवायला आणि एकशे एकावी तपासायला ठेवली तर गुण भरघोस येतात आणि प्रत्यक्षात यंत्र आपटतं. गुण मोजताना २००२ पासून चालत आलेल्या ब्लू या मापावर विसंबू नका. ते अख्खे शब्द जुळवतं, त्यामुळे ‘घरासमोर’च्या ठिकाणी ‘घरापुढे’ आलं की शून्य. अक्षरांचे गट जुळवणारं सीएचआरएफ मराठी-कन्नडला जास्त न्याय देतं. आणि कोणतंही माप लावलंत तरी तीन गोष्टी हाताने, एकेक वाक्य पाहून तपासा: नकार, आकडे, औषधांची नावं. आकड्यांत दीड, अडीच, सव्वा यांच्यासाठी मुद्दाम वाक्यं करा. ‘ओंदूवरे’ म्हणजे दीड, पण यंत्र त्यातला ‘ओंदु’ पकडून एक लिहून मोकळं होऊ शकतं.

बोलण्याकडे येतो. इथे तुमच्यासमोर दोन रस्ते दिसतील. एक, बोललेलं आधी कन्नड लिपीत उतरवायचं, मग अनुवाद, मग हवं तर मराठी आवाज. दुसरा, आवाजातून थेट आवाज. गूगलचं ट्रान्सलॅटोट्रॉन २०१९ चं आणि मेटाचं सीमलेस २०२३ चं, ही त्या वाटेची नावं तुम्ही ऐकली असतील. ओपनएआयचं व्हिस्पर २०२२ मध्ये आलं तेव्हा ६ लाख ८० हजार तासांच्या ध्वनीवर शिकलेलं होतं, पण अनुवाद म्हणून ते फक्त इंग्रजीत आणतं, तेव्हा तुमच्या कामाला त्याचा उपयोग फार तर कन्नड उतरवून घेण्यापुरता. काही तासांच्या ध्वनिमुद्रणांवर थेट रस्ता धरू नका. पहिल्या रस्त्यावर चूक कुठे झाली ते तरी कळतं, ऐकण्यात की अनुवादात. आणि आरोग्याच्या कामात हे कळणं सोयीसाठी नव्हे, जबाबदारीसाठी लागतं.

ऐकण्यात चुका होणारच. फोनचा आवाज सेकंदाला ८ हजार नमुन्यांचा असतो, बहुतेक मॉडेलं १६ हजारांवर, शांत खोलीत वाचलेल्या वाक्यांवर शिकलेली असतात. विजयपूरकडची बाई पुस्तकातलं ‘बरुवुदिल्ल’ म्हणत नाही, ‘बरंगिल्ल’ म्हणते. ‘बरुत्तेने’ म्हणत नाही, ‘बर्तीनि’ म्हणते. मध्येच मराठी शब्द येतात, उर्दू येतात, मागे टीव्ही चालू असतो. शिवाय बोलण्यात पूर्णविराम नसतो. कुठे तोडायचं हे यंत्राला ठरवावं लागतं, आणि आपल्या दोन्ही भाषांत नकार शेवटी. ‘गोळी घेतली’ एवढ्यावर तुकडा तोडला आणि पुढे ‘नाही’ आलं तर? त्यामुळे बाईचं बोलणं चालू असतानाच ताबडतोब अनुवाद दाखवायचा हट्ट सोडा. तिचा श्वास संपू द्या.

या चुकांची सवय अनुवादाच्या मॉडेलला आधीच लावता येते. ध्वनिमुद्रण ऐकणाऱ्या यंत्रातून काढा, जे वेडंवाकडं कन्नड निघेल ते तसंच ठेवा, आणि त्याच्यासमोर माणसाने केलेला बरोबर मराठी अनुवाद लावा. अशा हजारभर जोड्या शिकवल्या की मॉडेल नेहमीच्या घसरगुंड्या ओळखायला लागतं. दुसरी युक्ती उलट अनुवादाची. तुमच्याकडे आशाताईंचं नुसतं मराठी बोलणं भरपूर असेल तर ते यंत्राकडून कन्नडमध्ये करून घ्या. कन्नड बाजू ओबडधोबड होईल, होऊ दे. शिकवताना ती मूळ बाजूला ठेवा आणि माणसाचं अस्सल मराठी उत्तराच्या बाजूला. यंत्र नेहमी उत्तराच्या बाजूची भाषा बोलायला शिकतं, म्हणून ती बाजू माणसाची असायला हवी. हे उलटं केलंत तर बिघडलेलं बोलायला शिकेल.

मर्यादित विषय हा तुमचा मोठा फायदा. जर्मनीत १९९३ ते २००० या काळात फेर्बमोबिल नावाचा प्रकल्प चालला. जर्मन, इंग्रजी आणि जपानी बोलण्याचा अनुवाद, पण विषय मुख्यतः भेटीच्या वेळा ठरवण्याचा आणि प्रवासाच्या आखणीचा. त्यात नियमांची यंत्रं होती आणि उदाहरणांवरून शिकणारीही होती, आणि शेवटच्या मोजणीत आखन विद्यापीठाच्या गटाची उदाहरणांची पद्धत पुढे निघाली. त्या गटातला फ्रान्झ ओख पुढे गूगलच्या अनुवादाचा प्रमुख झाला. जपानच्या एटीआर संस्थेने याहून साधं केलं. प्रवाशाला लागतील अशी वाक्यं दोन्ही भाषा जाणणाऱ्यांकडून गोळा केली आणि त्या संग्रहावर कितीतरी वर्षं अनेक देशांतल्या गटांनी आपली यंत्रं तपासली.

तुम्ही हेच करा. अक्कलकोट, जत, इंडी या बाजूला दोन्ही भाषा घरात बोलणाऱ्या बायका तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असतील. त्यांना कागदावर अनुवाद करायला देऊ नका, लिहायला बसलं की माणूस परिपत्रक होतं. कन्नड ध्वनिमुद्रणाचा तुकडा ऐकवा आणि ‘हेच तुमच्या आशाताईंना मराठीत कसं सांगाल’ असं विचारून बोलणं टिपून घ्या, नंतर दुसऱ्या कुणी ते उतरवावं. त्या कामाचे पैसे द्या. मूळ बोलणाऱ्या बायकांची परवानगी ध्वनिमुद्रणाच्या वेळी फक्त उपचारासाठी घेतली असेल, तर यंत्र शिकवण्यासाठी ती पुन्हा घ्यावी लागेल. नावं, गावं, फोन नंबर काढून टाका. अशी दोन हजार वाक्यं जमली तर दहा हजार परिपत्रकांपेक्षा मी त्यांच्यावर जास्त भरवसा ठेवेन. परिपत्रकांच्या जोड्या फेकू नका, पण त्या आधी शिकवा आणि बोलण्याच्या जोड्या शेवटी. शेवटी शिकवलेलं यंत्राच्या तोंडात जास्त राहतं.

आणि त्या दोन हजारांत ‘तायि’ची वाक्यं मुद्दाम भरपूर घ्या. कन्नडमध्ये तायि म्हणजे आई, मराठीत ताई म्हणजे मोठी बहीण, आणि फोनवर दोन्ही कानाला एकच. कर्नाटकात गरोदर बाईला जे तायि कार्ड मिळतं त्याचं ‘ताई कार्ड’ झालं तर आशाताई सावरून घेतील. पण ‘तायि’ला ताप आहे असं कोणी सांगितलं, तर आजारी कोण, बाळाची आई की फोन करणारीची बहीण, हे यंत्राने स्वतः ठरवू नये. अशा ठिकाणी मूळ कन्नड शब्द आणि ध्वनिमुद्रणाचा तो तुकडा पडद्यावर तसाच दाखवा, आशाताईंना पुन्हा ऐकता येईल असा.